पांढऱ्या पट्टीच्या आधी

रेडिओ केंद्राच्या तळघरात तीनशे सहासष्ट खणांचं एक लाकडी कपाट होतं. वर्षाच्या एकेका दिवसाला एकेक खण. कुठल्या दिवशी कोणतं गाणं पहिल्यांदा वाजलं, कोणती मालिका सुरू झाली, कोणता गायक जन्मला, कोणता वादक गेला, सगळं पुठ्ठ्याच्या कार्डांवर लिहून त्या खणांत निजवलेलं. रोज सकाळी आठला वरच्या मजल्यावरून ‘आजच्या दिवशी’ हा कार्यक्रम लागायचा, आणि आदल्या दुपारी त्यासाठीची कार्डं खालून वर जायची. कार्डं आणि जुन्या फिती सांभाळणारी बाई पंचेचाळीशीची. सगळे तिला फीतताई म्हणत.

जगाचे वाढदिवस फीतताईला तोंडपाठ होते. स्वतःच्या घरातला एकही तिला धड आठवत नव्हता. वाढदिवसाला पाहुणे यायचे, हसायचे, जायचे. दार लागलं की मास्तरांना आईचं काहीतरी चुकलेलं आठवायचं, आणि पुढचं सगळं फीतताई पलंगाखालून ऐकायची.

मास्तर म्हणजे तिचे वडील. थोर संगीतकार. व्हायोलिनवर त्यांचा गज फिरला की दगडाला पाझर फुटतो, असं लोक म्हणत. पोटची मुलगीही त्यांना मास्तरच म्हणायची. ‘बाबा’ म्हणायला माणूस जरा जवळ यावा लागतो, आणि मास्तर जवळ आले की दोन्ही हातांनी डोकं झाकायचं, एवढंच ती शिकली होती.

त्यांच्या सगळ्या गाण्यांत एक गाणं असं, की ते लागलं की रस्त्यावरचा न्हावीसुद्धा गिऱ्हाईकाच्या गालावर वस्तरा धरून थांबायचा. गायलं होतं आईनं, एकविसाव्या वर्षी.

*दिव्या रे दिव्या, तेवत राहा दारी,*
*येणार माझा सखा, वाट अंधारी.*

आणि तिसरं कडवं:

*तुझ्या पावलांचा कानी येतो नाद,*
*दाराआधी माझा जीव देतो साद.*

तिथं, ‘जीव’ म्हणता म्हणता, आईचा श्वास तुटायचा. सूर पुढं जायचा, मध्येच कुणी कात्री लावावी तसा कापला जायचा, आणि मग काठावरून पाय निसटलेल्या माणसानं झुडूप पकडावं तसं ‘देतो साद’ यायचं. लोक त्याला ‘ती तूट’ म्हणत. त्या तुटीवर लेख होते. विरहाचा परमोच्च क्षण, म्हणे. गाण्याच्या स्पर्धेत मुली ती तूट घोटून यायच्या, आणि जिला जमायची तिला ढाल मिळायची. मास्तर स्वतः ती शिकवत. आई पुढं दहा वर्षांनी गायची थांबली. कारण ‘घशाचा आजार’ असं छापून आलं होतं. त्या आजाराची पाचही बोटं फीतताईनं आईच्या गळ्यावर पाहिली होती.

त्या गुरुवारी गाण्याला पन्नास वर्षं होत होती.

मंगळवारी दुपारी निवेदक जिना उतरून खाली आला. त्याला सगळे साखरतोंड्या म्हणत. पण माणूस वाईट नव्हता, नुसता बोलायचा थांबत नसे.

“ताई, या वेळी रेकॉर्ड नको. रेकॉर्डवर तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं ऐकू येतं. मूळ फीत काढा. पन्नास वर्षं म्हणजे काय चेष्टा आहे? माझं लग्न पाच वर्षांत म्हातारं झालं!”

“मूळ फीत कधीच कुणी मागितली नाही.”

“मग आता मागतोय. मास्तर येणार, तुमच्या मातोश्री येणार, तूट प्रत्यक्ष ऐकवणार. रडायला रुमाल आणून ठेवलाय मी.”

तिच्या हातातली कार्डं निसटली.

“आई गाणार? कुणी सांगितलं?”

“मास्तरांनी. महिनाभर सराव चाललाय म्हणे. तुम्हाला ठाऊक नाही? कमाल आहे!”

तो गेल्यावर तिनं सगळ्यात खालच्या फळीवरून डबा काढला. झाकणाच्या आत, इतर सगळ्या डब्यांत होता तसाच, ठसठशीत अक्षरांत नियम लिहिलेला होता: *पट्टीच्या आधी ऐकू नये.* अक्षर मशीनकाकांचं. पन्नास वर्षांपूर्वी या केंद्रात ध्वनिमुद्रण तेच करत, आणि मरण्याआधी फीतताईला काम त्यांनीच शिकवलं. त्यांची एक सवय होती. ते माइक सुरू झाल्याचा लाल दिवा लागायच्या चांगलं दोन मिनिटं आधी यंत्र सुरू करत. “फीत दमाला येऊ द्यावी, पोरी. धावत्या घोड्यावर एकदम बसू नये.” मग गाणं जिथून सुरू होतं तिथं ते पांढऱ्या कागदी पट्टीचा तुकडा जोडत. त्या पट्टीच्या आधी जे असेल, वादकांच्या शिव्या, खोकला, खुर्च्या, ते आपलं नाही. बंद दाराला कान लावू नये, तसं. बावीस वर्षांत फीतताईनं एकदाही लावला नव्हता.

पण यंत्रावर फीत चढवली आणि जोड निखळला. पन्नास वर्षांचा डिंक, वाळून पापुद्रा झालेला. पांढरी पट्टी आणि तिच्यापुढचं गाणं मोठ्या रिळावर राहिलं. आधीच्या फितीचा ढीगभर घोळ टेबलावर सापासारखा पडला. तो नीट जोडायचा तर आधी लहान रिळावर गुंडाळायला हवा, आणि उलटसुलट गेला नाही ना हे कळायला एकदा वाजवून पाहायला हवा. काम काम आहे. तिनं कानांना हेडफोन लावले.

आधी नुसती घरघर. मग कुणीतरी बासरीत फुंकर मारली. मग मास्तरांचा आवाज. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते, पण हा आवाज काल ऐकला तोच होता. त्याचं काही वय झालंच नव्हतं.

“तिसऱ्या कडव्यात श्वास कुठं घेतलास?”

“चुकले. ‘जीव’च्या आधी घेतला.” ही आई.

“काय सांगितलं होतं?”

“अख्खी ओळ एका श्वासात.”

सट्.

फीतताईनं खुर्चीचा हात घट्ट धरला. इतर मुलांना दूधवाल्याची सायकल कोणती आणि पोस्टमनची कोणती हे आवाजावरून कळतं. तिला मार कळायचा. हा गज होता. बोटांच्या सांध्यांवर, आडवा.

“एक.” सट्. “दोन. पुन्हा चुकशील?”

“नाही. मास्तर, लोक बघताहेत…”

“लोकांनाच ऐकवायचंय ना? बघू देत.”

कुणीतरी वादक हसला. “गज मोडेल हो, मास्तर!”

“गज नाही मोडत. दुसरं काय मोडायचं ते मोडेल.”

खुर्ची उलटली. मग लाथ, बुटाची, कारण बुटाचा आवाज आधी कापडात शिरतो आणि मग आत कुठंतरी जाऊन आपटतो. दुसरी लाथ. तिसरीला वाळकी काटकी पायाखाली यावी तसा एक आवाज झाला, अगदी लहान. त्यानंतर आईचा आवाजच नाही. तीस वादकांच्या खोलीत कुणाचाच आवाज नाही. मग कुणी म्हातारा म्हणाला, “मास्तर, बास.”

“दिवा लागेल आता. ऊठ. तोंड पूस.”

आणि फीत संपली. पुढं पांढरी पट्टी होती, आणि त्यानंतर पन्नास वर्षं जिच्यासाठी जग रडलं ते गाणं.

तिनं ती फीत तीनदा ऐकली. तिसऱ्यांदा ऐकताना तिच्या लक्षात आलं की आपण स्वतःच्या फासळ्या मोजतोय. तूट नव्हतीच ती. बरगडी होती. मोडक्या बरगडीवर कुणी अख्खी ओळ एका श्वासात ओढायला गेलं तर श्वास जिथं अडतो, तिथं तो अडला होता. आणि देशभरच्या मुली आरशासमोर उभ्या राहून तेवढाच अडायला शिकत होत्या.

जोड द्यायला तिचा हात धजला नाही. लहान रीळ तिनं कार्डांच्या खणात, गुरुवारच्या तारखेत ठेवलं, आणि तडक आईकडं गेली.

आई स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. वर माडीवर शिकवणी चालली होती. कुणी मुलगी तिसरं कडवं म्हणत होती, अडत होती, आणि मास्तरांचा आवाज येत होता, “तोड! तिथं तोड!” मग सट्, आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

“आई, ती बरगडी होती.”

सुरी थांबली. आईनं वर पाहिलं नाही.

“कुणी सांगितलं?”

“फितीनं.”

“म्हणजे कापलं नाही त्यानं.” आईनं कांद्याचा अर्धा भाग उलटा ठेवला, जणू त्याचं तोंड झाकलं. “मशीनवाला मला भेटायला दवाखान्यात आला होता. बिचारा रडत होता. म्हणाला, वहिनी, ते आधीचं कापून जाळून टाकतो. मी म्हटलं, कापू नका. राहू दे. कधीतरी कुणीतरी ऐकेल.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू भांडायला आली असतीस. मागं भांडलीस तेव्हा मनगट गेलं तुझं.”

फीतताईचं उजवं मनगट आजही पूर्ण वळत नसे. तेविसाव्या वर्षी ती त्याच मनगटानिशी घराबाहेर पडली होती, आणि तळघरातली नोकरी मास्तरांच्याच एका शब्दावर मिळाली होती. त्यांनी मारावं आणि मलमही त्यांनीच लावावं, अशी घराची रीत.

“दहा वर्षं झाली तेव्हा मी रेडिओजवळ बसले,” आई म्हणाली. “म्हटलं, दहा वर्षांचं कौतुक आहे, मूळ फीत काढतील, कुणाच्या तरी हातून चुकून आधीपासून वाजेल. नाही वाजली. पंचवीसला नवी साडी नेसून बसले. चाळीसला तर भाजी करपली माझी. दरवेळी आपली रेकॉर्ड.”

“मूळ फीत कुणी मागितलीच नाही, आई.”

“आणि खाली तू बसली होतीस. बावीस वर्षं.”

“पट्टीच्या आधी ऐकू नये, असा नियम…”

“हो ना. आपल्या घरात नियम फार पाळतात.”

आई कधी टोमणा मारत नसे. म्हणून तो खोल गेला. भांडं घ्यायला आईनं हात वर केला आणि बाही घसरली. कोपरापासून वर हात काळानिळा होता, नवे डाग जुन्यांवर.

“सराव,” आई म्हणाली. “तूट येत नाही आता. एकतर ओळ निघून जाते, नाहीतर मी आधीच दमते. एकाहत्तराव्या वर्षी कुठून आणू? परवा म्हणाला, काळजी करू नकोस, गुरुवारी लाल दिव्याच्या आधी त्याच जागी आठवण करून देईन.”

“आजच्या आज माझ्याकडं चल.”

“आणि गाणं? ते त्याच्याजवळ राहील. पन्नास वर्षं लोकांना सांगतोय, ती तूट मी रचली. मी पळाले तर उद्या शंभराव्या वर्षीही तेच सांगतील.” आईनं डोळे पुसले, कांदा तर होताच. “तू फीत लाव. आधीपासून.”

“तो तुला मारून टाकेल.”

“बाई, हे तू मला सांगतेस?”

बुधवारी दुपारी तळघराच्या जिन्यावर पावलं वाजली. फीतताईनं मान वर करण्याआधीच ती ओळखली. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, पण पाऊल अजून टाच आपटत पडायचं. बगलेत व्हायोलिनची पेटी, हातात काठी.

“निवेदक म्हणाला, मूळ फीत लावणार.” मास्तरांनी दार लोटून घेतलं. “कुठून?”

“पट्टीपासून.”

“काल घरी आली होतीस. आई गप्प आहे. ती गप्प असली की काहीतरी बोललेली असते.” ते यंत्राजवळ गेले. रिळाच्या तोंडाशी सुटलेली पांढरी पट्टी त्यांनी दोन बोटांत धरली. “जोड सुटलाय. आधीचं कुठंय?”

“वाळून चुरा झाला.”

काठी तिच्या तोंडावर आली तेव्हा तिला दिसलीसुद्धा नाही. फक्त दिवे हलले. जिभेवर काहीतरी टणक आलं. तो तिचा दात होता. ती कपाटावर पडली, दोन-तीन महिन्यांचे खण उघडून कार्डं अंगावर सांडली. पंचेचाळीस वर्षांची बाई, घराचं भाडं स्वतः भरणारी, डॉक्टरशीही वाद घालणारी. पण दुसरा फटका यायच्या आत तिचे दोन्ही हात आपोआप डोक्यावर गेले, गुडघे पोटाशी गेले, आणि ती पुन्हा पलंगाखालची पोरगी झाली. काठी मनगटावर पडली. पाठीवर पडली. मास्तर मारताना ओरडत नसत. श्वास मोजत, तालात मारत.

“खोटं. बोलू. नये. कुठंय?”

“चुरा झाला, मास्तर.”

“ऐकलंस?”

तिनं उत्तर दिलं नाही, म्हणजे दिलंच. त्यांनी तिला केसांना धरून भिंतीकडं फरफटवलं, तिथं टेकवलं, आणि मोठं रीळ यंत्रावरून उचललं. कोपऱ्यात पुसणी होती. लोखंडी खोक्यातलं जाडजूड चुंबक, ज्यावर निकामी फिती ठेवून कोऱ्या करत. ती कशी चालते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी रीळ त्यावर ठेवलं आणि बटण दाबलं. खोली गुणगुणली. फरशीतून ते गुणगुणणं तिच्या हाडांत आलं.

“गाणं रेकॉर्डवर आहे. फितीची गरज काय?” त्यांनी रीळ उलटं करून दुसरी बाजूही पुसली, काम अर्धवट सोडायची सवयच नव्हती. मग खिशातला रुमाल काढून तिच्या मांडीवर टाकला. “तोंड पूस.”

दार लागलं. फीतताईनं रुमाल बाजूला टाकला. मग सांडलेल्या कार्डांतून रांगत ती गुरुवारच्या खणाशी गेली. लहान रीळ तिथंच होतं, तळव्याएवढं. पन्नास वर्षांचं गाणं त्यांनी स्वतःच्या हातानं पुसून टाकलं होतं, आणि मागं राहिली होती ती एवढी त्यांची लाथ.

गुरुवारी सकाळी साखरतोंड्यानं तिचं तोंड पाहिलं आणि हातातले कागद खाली घेतले.

“ताई, हे…”

“जिन्यावरून पडले.” आई आयुष्यभर जे म्हणायची तेच तिच्या तोंडून आलं, आणि तिला त्याची शिसारी आली.

“आणि मास्तर म्हणतात, फीत खराब झाली?”

“थोडी वाचली आहे. सुरुवातीची.”

“मग सुरुवात तर सुरुवात! तीही अमूल्य.” तो काचेच्या दाराकडं वळला, पुन्हा मागं फिरला. “नक्की जिन्यावरून?”

“तुम्ही जा. तयारी करा.”

यंत्राच्या खोलीत ती एकटी. समोर जाड काच. काचेपलीकडं स्टुडिओ, एक टेबल, तीन खुर्च्या, लोखंडी बैठकीचा माइक. तिनं एका यंत्रावर लहान रीळ चढवलं. दुसऱ्यावर कोरं मोठं रीळ चढवलं आणि ध्वनिमुद्रणाचं बटण दाबलं. आठाला तीन मिनिटं होती. फीत दमाला येऊ द्यावी.

मास्तर आईला घेऊन आत आले. साखरतोंड्या दाराबाहेर कागद शोधत होता. काचेतून आवाज येत नव्हता. परवा तिनं नुसतं ऐकलं होतं. आज नुसतं दिसत होतं. मास्तरांनी आईला खुर्चीत बसवलं. पदर सारखा करावा तसा हात तिच्या डाव्या कुशीत घातला आणि बोटांनी चाचपत चाचपत एका जागी थांबले. आईचं तोंड उघडलं. मास्तरांनी व्हायोलिनची पेटी टेबलावर ठेवली, काठी उचलली, मूठ पुढं करून मागं खेचली, नेम धरला.

फीतताईनं लाल दिवा लावला.

दोन मिनिटं आधी. कार्यक्रमाची नव्हतीच ती वेळ. पण पन्नास वर्षं त्या माणसाचा हात लाल दिव्याखाली कधी उठला नव्हता. दिवा लागला की मास्तर म्हणजे मध. काठी हवेतच वितळली. खाली आली, टेबलाला टेकून उभी राहिली. मास्तरांच्या चेहऱ्यावर हसू आलं, सवयीनं, दार उघडल्यावर येतं तसं. साखरतोंड्या धडपडत आत घुसला आणि खुर्चीत बसायच्या आधीच बोलू लागला.

“नमस्कार श्रोतेहो! आज आपण जरा लवकरच भेटतोय, कारण पन्नास वर्षं थांबलेल्या गाण्याला आणखी कसं थांबवायचं?”

मास्तर बोलले. छान बोलले. तरुणपण, विरह, एका रात्री सुचलेली तूट. “स्त्रीचा श्वास हा पुरुषाच्या आठवणीनं अडतो,” ते म्हणाले. आई माइककडं पाहत होती.

“आणि आता, श्रोतेहो, योगायोग बघा. मूळ फीत काळानं खाल्ली, पण तिची सुरुवात वाचली आहे. पन्नास वर्षांपूर्वी, आजच्याच दिवशी…”

मास्तरांनी झटकन काचेकडं पाहिलं. फीतताईनं त्यांच्या नजरेला नजर दिली. हात डोक्याकडं जायला निघाले होते. तिनं त्यातल्या एकानं बटण दाबलं.

*तिसऱ्या कडव्यात श्वास कुठं घेतलास?*

साखरतोंड्या हसतमुखानं मान डोलावत होता. पहिल्या फटक्याला मान थांबली. *लोक बघताहेत.* दुसऱ्याला त्याचं तोंड उघडं पडलं. *गज नाही मोडत.* खुर्ची उलटली, आणि इथं, काचेपलीकडं, मास्तर उठले.

“बंद कर! बंद कर ते!”

दिवा लाल होता. ते विसरले, की आता त्याचा उपयोग उरला नाही हे त्यांना उमगलं, कोण जाणे. काठी उचलून त्यांनी आईच्या कुशीवर हाणली, नेम धरलेल्या जागीच. त्याच वेळी फितीवर बूट आपटला. ऐकणाऱ्यांना पन्नास वर्षांपूर्वीचा कोणता आणि आत्ताचा कोणता, हे शेवटपर्यंत कळलं नाही. पुन्हा काठी. पुन्हा बूट. वाळकी काटकी. आई टेबलावर वाकली, कपाळ माइकवर आपटून रक्त आलं.

*मास्तर, बास,* फितीतला म्हातारा म्हणाला.

साखरतोंड्यानं काठीचं टोक पकडलं. त्याला धड पकडताही येत नव्हतं, आयुष्यात कागदाशिवाय काही धरलं नव्हतं त्यानं; पण सोडलं नाही. मास्तरांनी त्याच्या नाकावर ठोसा मारला. डाव्या हातानं. उजवा हात, गजाचा हात, टेबलावर टेकलेला होता, तोल सावरायला.

आईनं माइक बैठकीसकट उचलला. चार किलोचं लोखंड. एका श्वासात वर नेलं आणि त्या हातावर आणलं.

त्याचाही आवाज प्रसारित झाला. काटकी नव्हती, काटक्यांचा भारा होता. मास्तर किंचाळले. हे देशानं पहिल्यांदा ऐकलं आणि आईनंही. तिनं पुन्हा माइक उचलला. पुन्हा आणला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा मास्तर टेबलाखाली होते, गुडघे पोटाशी आणि उरलेला एक हात डोक्यावर. आईनं त्यांच्याकडं पाहिलं. काचेतून फीतताईकडं पाहिलं. माइक हळूच टेबलावर ठेवला, रक्तावर सरकू नये म्हणून कागद सरकवून त्यावर ठेवला.

लहान रीळ संपून त्याचं मोकळं टोक फटफट वाजत होतं. दिवा लालच होता. तो घालवायचं कुणालाच सुचलं नाही.

आईनं गायला सुरुवात केली. आवाज फाटका, जाडाभरडा, दळणाचं जातं कोरडं फिरावं तसा.

*तुझ्या पावलांचा कानी येतो नाद,*

इथं ती थांबली. कूस दाबून धरली आणि श्वास घेतला. मोठ्यानं, कण्हत, सगळ्यांना ऐकू जाईल असा. ‘दाराआधी’ म्हटलं आणि पुन्हा घेतला. ‘माझा जीव’ म्हटलं आणि पुन्हा. हवा तिथं, हवा तेवढा. ओळ संपायला तिला जवळजवळ मिनिट लागलं.

दवाखान्यातून परत यायला दुपार झाली. आईच्या दोन बरगड्या गेल्या होत्या, डॉक्टर म्हणाले. तिसरी फार जुनी, वाकडी जुळलेली. मास्तर दुसऱ्या मजल्यावर होते, दाराशी शिपाई बसवला होता. आईच्या खोलीतही एक शिपाई जबाब लिहीत होता, आणि ती त्याला सारखं सांगत होती, “असं नाही हो, पहिल्यापासून लिहा.”

फीतताई तळघरात उतरली. सांडलेली कार्डं अजून फरशीवर होती. तिनं सकाळचं मोठं रीळ नव्या डब्यात ठेवलं आणि झाकणावर तारीख घातली. मग टेबलाशी बसून पातं काढलं, पांढऱ्या पट्टीचं बंडल काढलं. हातभर पट्टी तिनं मोडक्या मनगटाभोवती गुंडाळली: गाणं कुठून सुरू होतं, ती जागा ठरवायची होती.

मग तिनं पट्टी परत बंडलात ठेवली, आणि डबा तसाच बंद केला.